ओलं फडकं

"अदलाबदल झाली आहे," मास्तर फोनवर तावातावानं सांगत होते. "माझा रिपोर्ट हिच्या नावावर आणि हिचा माझ्या नावावर. शिशाचं काम मी करतो, डॉक्टर. मी काम करत असताना ही त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही!"

समोर दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. मास्तरांच्या रक्तात शिसं अगदी नावाला. मास्तरीणबाईंच्या रक्तात त्याच्या कितीतरी पट, आणि त्या आकड्याखाली लाल रेघ. चार महिने त्यांचं पोट दुखत होतं, बोटांना मुंग्या येत होत्या. सुई हातात घेतली की कशासाठी घेतली हेच त्या विसरत. घरादारानं ते वयावर ढकललं होतं.

मागच्या खोलीत मास्तर रंगीत काचेचे दिवे करत. काचेचे तुकडे शिशाच्या सोल्डरनं जोडायचे म्हणजे धूर आला, विष आलं. पण मास्तर निवृत्त झाले तरी शिस्त काही निवृत्त झाली नव्हती. खिडकीत धूर ओढणारा पंखा, तोंडाला मास्क, हातांत मोजे, कामावरून उठलं की कोपरापर्यंत साबण आणि मग थेट आंघोळ. खोलीत खाणंपिणं बंद. सगळ्यात कडक नियम दाराचा. काम चालू असताना बायकोनं नुसतं दार किलकिलं केलं तरी ते आतून ओरडत, "अगं, बाहेर हो! जीव नकोसा झालाय का?" त्या ओरडण्यात धाक कमी आणि माया जास्त आहे, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

"मास्तर, त्या खोलीतला केर कोण काढतं?"

मास्तरांनी मान वळवून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. रोज सकाळी खोली लख्ख असायची. ती लख्ख कशी होते, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

डॉक्टर सावकाश समजावत राहिले. धुराची काळजी घेता ते चांगलंच आहे, पण शिशाची धूळ टेबलावर, जमिनीवर, कपड्यांवर बसते. ती हाताला लागते, हातावाटे तोंडात जाते. कोरडा झाडू फिरवला की पुन्हा उडते. बाईंना त्या खोलीपासून लांब ठेवा, खोली ओल्या फडक्यानं पुसा. महिन्याभरानं पुन्हा रक्त तपासू.

"आणि तिची बोटं? होतील ना पहिल्यासारखी?"

"बघू," डॉक्टर म्हणाले.

फोन ठेवून मास्तर स्वयंपाकघरात गेले. मास्तरीणबाई मटार सोलत होत्या. दाणे बोटांतून निसटून जमिनीवर घरंगळत होते आणि त्या वाकून वाकून ते गोळा करत होत्या.

"अगं, माझ्या खोलीतला केर तू काढतेस?"

"नाहीतर काय भुतं काढतात?" त्या हसल्या. "तुम्ही आंघोळीला गेलात की काढते. एप्रनही झटकते गॅलरीत. केवढा भुगा पडतो त्यातून!"

"पण केर काढला की लगेच बाहेर येत होतीस ना?"

मास्तरीणबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"चहा घ्यायचे," त्या म्हणाल्या. "तुमच्या स्टुलावर बसून. त्या वेळी खिडकीतून उतरतं ऊन येतं, दिव्यांवर पडतं. टेबलभर रंग होतात. माझ्या हातांवरसुद्धा. बिस्किटं तिथंच टेबलावर ठेवायचे, बशी कोण विसळणार परत! तुम्ही दिवसभर दार लावून आत. म्हटलं, एवढं काय आहे आत, आपणही बघावं."

मास्तरांना फार लाज वाटली. जिला जपायला त्यांनी दार लावून घेतलं होतं, तिच्याच हातात खोलीचा झाडू होता. आणि तो त्यांनी दिला नव्हता, म्हणून त्यांना दिसलाही नव्हता.

त्यांनी मोजे चढवले, मास्क बांधला, बादली भरली आणि फडकं घेऊन ते मागच्या खोलीत गेले. गुडघे टेकून त्यांनी पुसायला सुरुवात केली. जन्मात कधी फडकं धरलं नव्हतं, ते दिसतच होतं. निम्मं पाणी जमिनीवर, निम्मं त्यांच्या पँटवर.

मास्तरीणबाई सवयीनं मागोमाग आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या.

"येऊ का आत?"

"नको गं," मास्तर म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत.

त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. ती पुसापुशी बघून त्यांना राहवेना.

"स्टुलाखाली राहिलं. जास्त तिथंच असतं."

मास्तरांनी स्टूल बाजूला केलं आणि फडकं फिरवलं. फडक्यावर करडी धूळ आली. त्या धुळीत कालच्या बिस्किटाचा चुरा होता. मास्तर त्याच्याकडे बघत गुडघ्यांवरच बसून राहिले.

"निघतंय का हो?" दारातून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बघू," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.