हापूसच्या कोयीचं झाड

"बाजूला हो, मुक्ता," कुऱ्हाड घेऊन आलेले बाबा म्हणाले. मी झाडाला पाठ टेकवून उभीच राहिले.

लहानपणी हापूस खाऊन मीच ती कोय परसात पुरली होती. यंदा पहिल्यांदा आंबे धरले, पण हापूसचे नाहीत. लांबुडके, तांबूस, चवीला निराळेच. हापूसची कलमं विकणाऱ्या बाबांना गिऱ्हाइकं हसायला लागली.

"दारात असलं बिनजातीचं रायवळ नको मला. आईबापावर न गेलेलं झाड काय कामाचं?"

माझं डोकं फिरलं. "कलम म्हणजे हुबेहूब नक्कल, बाबा. कोय तशी नसते! फुलातल्या पेशी विभागताना गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात, पत्ते पिसावेत तशी. मग आईकडून निम्मी, बापाकडून निम्मी. म्हणून प्रत्येक कोय नवी. मी तरी कुठे तुमच्यावर गेलेय? आणि जगातला पहिला हापूस कुठल्या कलमावर आला होता? तोही कोयीतूनच उगवला ना?"

खाली पडलेला आंबा उचलून बाबांनी चोखला. पुन्हा चोखला. मग कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि खिशातून कलमं बांधायचा चाकू काढला.

"बघतेस काय? याचं कलम बांधायला चांगलीशी काडी दाखव."