जाण्यापुरते माइल्स

"ते खारे आहेत, वन्सं. तुम्हाला नकोत," वहिनी पुटपुटल्या आणि धाकटीच्या पुढ्यातली काजूंची वाटी उचलून त्यांनी आपल्या बाजूला ठेवली. हवाईसुंदरीनं पुढे केलेला वाइनचा ग्लासही त्यांनीच परतवला. "यांना साधं पाणी."

"मला तोंड आहे, वहिनी."

"परवा तपासण्या आहेत. बीपी वाढलं तर सगळंच लांबेल."

पन्नाशी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. परदेशात राहणाऱ्या दादाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या, आणि धाकटीची एक त्याला चालणार होती. किडनी हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढत नव्हतं. 'एकदा ते पार पडू दे', 'ते झालं की मग निवांत' असं चाललं होतं, जसं काही घरात लग्न निघालंय. दादानं कंपनीच्या कामासाठी जग पालथं घातलं होतं. त्या प्रवासांत विमान कंपनीकडे साठलेल्या माइल्सच्या बदल्यात ही बिझनेस क्लासची तिकिटं निघाली. आणि इतकी वर्षं फोनवर 'थांबा हं, यांना देते' यापलीकडे ज्या कधी बोलल्या नाहीत, त्या वहिनी तिला न्यायला जातीनं आल्या.

खुर्ची होती की पलंग, तेच कळत नव्हतं. एक बटण दाबलं की पाय वर, दुसरं दाबलं की पाठ आडवी. धाकटीचा जन्म ब्लाउज शिवण्यात गेलेला. तिनं आधी उशी उलटी करून शिवण पाहिली. दुहेरी टीप, एक धागा निसटलेला नाही. बळीच्या बोकडालाही शेवटचा पाला कोवळा घालतात, तिच्या मनात आलं.

"येतानाही हीच खुर्ची का?" तिनं विचारलं.

वहिनींनी समोरच्या पडद्यावरची नजर काढली नाही. "येताना मागे आहे. साध्यात. माइल्स जाण्यापुरतेच होते."

"असं होय."

"खिडकीची दिलीय पण."

"वा! म्हणजे एका हातानं टाके धरायचे आणि ढग बघायचे."

वहिनींनी पडद्यावरचा सिनेमा बदलला.

"तुमचं तिकीटही माइल्सवरचंच ना? मग तुम्ही मागे बसला असतात तर माझं जाऊन-येऊन भागलं असतं की."

"तुमच्याजवळ कुणी नको? सोबतीला आलेय मी."

"सोबतीला की राखणीला?"

वहिनींनी बटण दाबलं. दोन खुर्च्यांच्या मधलं पार्टिशन सावकाश वर चढलं. आधी त्यांचा खांदा गेला, मग कानातलं, मग केस.

धाकटीला हसू आलं. ताकापुरती आजी असते हे तिला ठाऊक होतं. ताकाआधी आजीला गादीवर निजवतात, हे नवीन होतं. तिनं हवाईसुंदरीला खूण केली आणि काजूंची दुसरी वाटी मागून घेतली. एक उचलला. दादाचा सुजलेला चेहरा डोळ्यांपुढे आला, तसा परत ठेवला. सगळे काजू कागदी रुमालात बांधले आणि स्वेटरच्या खिशात कोंबले.

मग ती त्या पलंगावर उताणी पडून राहिली. झोप कसली! 'तुझ्या वहिनीचं जमत नाहीये गं,' दादा फोनवर म्हणाला होता आणि लगेच हवापाण्यावर गेला होता. का जमत नाही, हे तिनं विचारलं नाही. आईनं विचारलं नाही. डॉक्टर असलेल्या मावसभावानंसुद्धा विचारलं नाही. जो तो चपलेतला खडा सोसावा तसा तो प्रश्न सोसत होता.

विमान खाली उतरायला लागलं. हवाईसुंदरीनं येऊन दोघींच्या खुर्च्या सरळ करून घेतल्या आणि मधलं पार्टिशन खाली दाबून टाकलं. उतरताना ते खालीच ठेवायचं असतं, म्हणाली.

दोघींची तोंडं हातभर अंतरावर आली. वहिनींचं काजळ गालापर्यंत ओघळलं होतं. झोप त्यांनाही लागली नसावी.

"वहिनी, एक विचारू?"

"पट्टा बांधलात का?"

"तुमची तपासली होती?"

वहिनींनी बटण दाबलं. पार्टिशन हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, मग अंगठा रोवून दाबला.

"ते आता वर यायचं नाही," धाकटी म्हणाली.

वहिनींचा अंगठा बटणावरच राहिला. खाली रस्ते दिसायला लागले, रस्त्यांवर गाड्या दिसायला लागल्या.

"जुळली होती," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी माझीच जुळली होती. मी नाही म्हटलं. भीती वाटली मला."

"आणि दादा?"

"काही बोलले नाहीत. एकदासुद्धा म्हणाले नाहीत, बघ पुन्हा विचार करून." वहिनींनी बटणावरचा अंगठा काढला. "दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, धाकटीला विचारू. ती काही नाही म्हणायची नाही."

धाकटीनं खिशातून रुमाल काढून मांडीवर सोडला. एक काजू तोंडात टाकला. मग दुसरा. मीठ जिभेला झोंबलं.

वहिनी बघत होत्या. या वेळी त्या नको म्हणाल्या नाहीत.