अकरा मिनिटांची फेरी

सेकंदाला शेकडो ठोके देणाऱ्या एका ताऱ्याच्या रेडिओ नोंदी मी दिल्लीत मयूर विहारच्या घरी बसून तपासते. ठोके कधी जरा लवकर येतात, कधी उशिरा.

"म्हणजे त्याला मागे-पुढे ओढणारा, जोडीचा दुसरा तारा आहे," मी आईला सांगितलं.

"दिसत नाही, तरी?"

"तरी. बिल्कुल आहे."

अर्धांगवायूनंतर बाबा काठी टेकत चालायचे, तेव्हा सोसायटीच्या एका फेरीला त्यांना नि आईला अकरा मिनिटं लागायची. बाबा गेले, काठी दारामागे राहिली. एकट्या आईलाही अजून अकराच लागतात.

आज मात्र ती सहा मिनिटांत परतली, धापा टाकत.

"आई, इतक्या लवकर?"



"आज यांना काठी लागलीच नाही गं."