बोटं जपणारा भाऊ

माझा धाकटा भाऊ व्हायोला वाजवायचा. विशीतच मोठ्या वाद्यवृंदात निवड झाली होती. बोटांना इतका जपायचा, की बरणीचं घट्ट झाकणही माझ्यापुढे सरकवायचा. "ताई, हे खातं तुझं!" त्या दुपारी, ज्याला सोडून माहेरी आले होते त्या नवऱ्याने मला जिन्यात गाठलं आणि केसांना धरून डोकं कठड्यावर आपटलं. सरावाहून परतलेल्या भावाने व्हायोलाची पेटी खाली ठेवली आणि सरळ ठोसा हाणला. चौथ्या ठोशाला त्याचीच बोटं मोडली, तरी तो थांबला नाही. मग नवऱ्याने त्याच्या पोटात सुरा खुपसला. भाऊ माझ्या मांडीवरच गेला. दवाखान्यात हवालदार म्हणाला, "आरोपीचा जबडा पार मोडलाय. तुमचा भाऊ पैलवान होता का?" "नाही, व्हायोला वाजवायचा." "म्हणजे काय?" "व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, एवढं," मी म्हणाले आणि रक्ताळलेले हात पसरून माप दाखवलं.