दंडावरचा ताईत

“तो ताईतही काढा,” नर्स म्हणाली. “आत मेंदूचा फोटो काढायच्या मशीनमध्ये केवढं तरी मोठं लोहचुंबक आहे. साधी सुई राहिली तरी गोळीसारखी सुटेल.”

दिबोरने लेकाच्या दंडावरची गाठ सोडली. सोडली कसली, नखं मोडेपर्यंत तिच्याशी झगडली. कातड्यात शिवलेली कुराणातली आयत, सोबत नजर अडवायला लोखंडी खिळा. बिरामला कानात आवाज ऐकू यायला लागले, कॉलेज सुटलं, तेव्हा आजीने बांधलेला. बिराम आपला भिंतीकडे बघत होता. नर्सचं एक अक्षर तरी त्याच्या कानात शिरलं असेल का, देव जाणे!

डाकारच्या या इस्पितळात वेड्याबरोबर घरचं माणूस राहायलाच लागतं. रमजान संपल्यापासून दिबोर त्याच्या खाटेशेजारी चटई टाकून होती. औषधाने आवाज थांबले, पण पोराचं बोलणंही आटलं. हातात घास दिला की खायचा, नाही दिला की बसून राहायचा. काल डॉक्टर दियूफनी पाच शब्द सांगून परत म्हणायला लावले, तर हा ढिम्म.

“मेंदू सुकलाय का हो त्याचा?” तिने विचारलं होतं. “उद्याच्या फोटोत दिसेल?”

“मेंदूचा आकार दिसेल, आई. त्याला किती समजतं, ते काही फोटोत दिसत नाही. लक्ष, आठवण हळूहळू परत येते. जरा धीर धरा.”

धीर! गावाहून भाऊ लतीर रोज फोन करत होता. “ताई, फोटो वाईट निघाला तर तिथे कुजत बसू नका. घेऊन ये त्याला. शेळ्यांमागे फिरेल, त्याला काय डोकं लागतंय?” आणि थकून तिने हो म्हटलं होतं. विसाव्या वर्षी पोरगं शेळ्यांमागे! जे व्हायचं ते आज त्या फोटोवर.

नर्स मशीन बघायला आत गेली. दिबोरने इकडेतिकडे पाहिलं. त्या बोगद्यात लेकराला असं उघडं पाठवायचं? आणि ताईत म्हणजे काय वस्तू आहे? ती आयत आहे! तिने पटकन तो पुन्हा बांधला आणि वर इस्पितळाच्या झग्याची बाही ओढली. बिरामने मुकाट्याने हात पुढे केला होता, घासासाठी करायचा तसाच.

“अंगावर काही राहिलं नाही ना?” नर्सने दारातून विचारलं.

“काही नाही,” दिबोर म्हणाली. हात तिने ओढणीखाली लपवले.

बिराम उंबऱ्यावर थांबला.

“आता काय झालं बाबा?” नर्स वैतागली. दिबोरला वाटलं, आता हा तमाशा करणार.

त्याने बाही वर सरकवली. एक हात आणि दात लावून हळूहळू गाठ सोडवली.

“साधी सुई राहिली तरी गोळीसारखी सुटते,” तो म्हणाला.

“अहो आई!” नर्स किंचाळली. “जीव गेला असता की पोराचा!”

दिबोरला रडू फुटलं. बिरामने तिचा हात ओढणीतून बाहेर काढला, दंडावर ताईत ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

“आत मी चाललोय, पण भीती तुला वाटतेय,” तो म्हणाला. “मी येईपर्यंत तू घाल.”

दार लागलं. मशीनची धडधड बाहेर ऐकू यायला लागली. दिबोर बाकावर बसून रडत होती, मध्येच हसत होती. तेवढ्यात फोन वाजला. लतीरच!

“आला का फोटो, ताई? काही उरलंय का डोक्यात?”

दिबोरने दंडावरची गाठ चाचपली.

“फोटो अजून निघायचाय रे,” ती म्हणाली. “पण तू शेळ्यांना दुसरं कुणीतरी बघ.”