उलट उत्तर

“शेवटचे आठ महिने आम्ही कुणी तिला उलट उत्तर दिलं नाही,” कटिंग मास्तर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

शिवणाच्या कारखान्यात मशिनं बंद ठेवून सगळे शोकसभेला बसले होते. पहिल्या रांगेत लेक, पुढे खुर्चीवर आईचा फोटो. फोटोतसुद्धा ती कुणावर तरी डाफरण्याच्या बेतात होती. कारखान्यात तिला ‘तोफ’ म्हणायचे. तयार कपडे तपासणं हे तिचं काम. शिलाई वाकडी दिसली की खडूने फुली मारायची आणि शर्ट शिवणारीच्या अंगावर भिरकावायची. मालकालाही तिने एकदा सगळ्यांदेखत सुनावलं होतं, “पंखा तुमच्या डोक्यावर आणि घाम आमच्या? वा रे न्याय!” दुसऱ्या दिवशी चार पंखे आले. इतका वेळ मंडळी हेच आठवून हसत होती, डोळे पुसत होती. लेकही हसत होती.

“आठ महिने म्हणजे?” तिने विचारलं.

काज करणारी मावशी पुटपुटली, “तिचं हृदय थकलं होतं गं. ऑपरेशन झेपायचं नाही म्हणाले डॉक्टर. वर्ष निघालं तरी पुष्कळ. आम्हाला तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“रखवालदारालासुद्धा?”

दारातल्या रखवालदाराने मान खाली घातली. आता बोला!

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, जी शेजारणीला तिच्याच घरी जेवताना ‘भाजी आळणी आहे’ म्हणून सांगायची, तिने पोटच्या पोरीपासून एवढं लपवावं? घरात होत्या तरी किती जणी? दोघीच. आणि ते आठ महिने लेक काय करत होती? भांडत होती. रोज. टीव्हीच्या आवाजावरून, ओल्या टॉवेलवरून, न ठरणाऱ्या लग्नावरून. शेवटच्या सकाळी उघड्या राहिलेल्या खिडकीवरून जुंपली. “तुझ्यापुढे डोकं फोडून काही उपयोग नाही!” असं म्हणून तिने दार आपटलं आणि कामावर गेली. दुपारी कारखान्यातून फोन आला. आई तपासणीच्या टेबलावर डोकं टेकून गेली होती, हातात खडू होता.

“फसवलंत तुम्ही मला!” ती सगळ्यांसमोर ओरडली. “तुम्ही तर परके, पण तिने? तिने केसाने गळा कापला माझा! मरायला टेकलेल्या बाईशी मी खिडकीवरून भांडले. आता जन्मभर ते दार आपटत राहणार माझ्या कानात. एका शब्दाने सांगितलं असतं तर मी तिला तळहातावर ठेवलं असतं. आवाजसुद्धा चढवला नसता!”

“त्यालाच ती घाबरत होती,” मास्तर म्हणाले.

“आई? घाबरत होती?”

“मी एकदा निघालोही होतो तुला सांगायला. फाटकातच अडवलं तिने मला. तुमचं भांडण रोज आल्या आल्या आम्हाला रंगवून सांगायची ती. शेवटच्या दिवशी खिडकीचंही सांगितलं, अगदी दार आपटल्याची नक्कल करून. हसून हसून ठसका लागला तिला.”

लेकीने विचारलं, “फाटकात काय म्हणाली?”

मास्तरांनी फोटोकडे पाहिलं. “म्हणाली, ‘खबरदार मास्तर! तुम्ही सगळे आत्तापासूनच माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागलात. फुली मारली की मुकाट्याने उसवतात मेल्या. माझ्यावर ओरडणारी आता घरी एकच उरली आहे. तिच्याशी भांडते तेवढा वेळ मी मरायला टेकलेली नसते.’”