राखोबाचा मीटर

आकडा चढला होता. राखोबानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चढलेलाच. त्यानं मीटरला हलकेच टपली मारली, तरी आकडा ढिम्म हलेना.

वर्षभर तो कारखान्याच्या एका बंद खोलीत राखेला वायू पाजत होता. वीजघरातली टाकाऊ राख ओली करायची, आत पसरायची आणि धुराड्यातून पकडलेला कार्बन डायऑक्साइड सोडायचा. राख तो पिते, दगडासारखी होते. दळून काँक्रीटमध्ये मिसळली की सिमेंट कमी लागतं. हवेतला हा वायू मोजणाऱ्या मीटरचा आकडा जितका उतरेल, तितकी राख प्यायली. "पी बाई, पी," असं तो तिला चुचकारायचा, म्हणून कारखान्यातल्या मंडळींनी त्याचा राखोबा केला.

पण साहेबांना शंका आली. राख खरंच पितेय की मीटरच थापा मारतोय? "मीटर घरी न्या," ते म्हणाले. "बंद घर, एकटा माणूस, श्वासही एकाचाच. रोज सकाळी आकडा तोच आला, तर मीटर खरा. नाहीतर खोलीला टाळं."

मंडळी खो खो हसली. राखोबाही हसला, हसण्यासारखं काही नव्हतं तरी. बायको गेली तेव्हा तो पाळीवर होता. "तुम्ही राखेशीच संसार करा," म्हणून लेक निघून गेली, ती पुन्हा फिरकली नाही. तेव्हापासून घर खायला उठायचं. त्या खोलीत निदान बोलायला राख तरी होती.

धुळीपायी घराच्या खिडक्या बंदच असायच्या. आतापर्यंत रोज सकाळी आकडा जागच्या जागी होता. आज मात्र आकड्यानं घात केला.

लपवाछपवी त्याला जमत नव्हती. त्यानं फोन लावला.

"साहेब, मीटर खोटा निघाला."

"म्हणजे वर्ष पाण्यात गेलं," साहेब म्हणाले. "ठीक आहे. आजच खोली बंद करू."

उद्यापासून सकाळी उठून जायचं तरी कुठे?

मागच्या खोलीचं दार करकरलं. दारात लेक उभी होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अंगावर आईची जुनी शाल.

"रात्री उशिरा आले, बाबा," ती चाचरत म्हणाली. "माझ्याकडे चावी होती. तुम्हाला उठवायचा धीरच झाला नाही."

राखोबा तिच्याकडे बघतच राहिला. फोनमध्ये साहेब हॅलो हॅलो करत होते.

"साहेब, मीटर खरा आहे," तो म्हणाला. "घरात आम्ही दोघं आहोत."